खिमा कुठून आणला

नाशिकरोडच्या आमच्या सरकारी क्वार्टरला स्वयंपाकघरात एकच खिडकी होती, आणि रविवारी सकाळी अण्णा ती स्वतः उठून लावायचे. खिडकी लावली की आई मटणाची पिशवी बाहेर काढायची. बाकी आठवडाभर ती उघडी असे. तिच्यातून समोरच्या क्वार्टरमधला रेडिओ ऐकू यायचा, नोटांच्या प्रेसचा भोंगा ऐकू यायचा, कुणाच्या घरी भाकरी थापली जातेय आणि कुणाच्या घरी पोळ्या लाटल्या जाताहेत तेही कळायचं. रविवारी मात्र आम्ही तिघं धुरात आणि वाफेत डोळे पुसत बसायचो. अण्णा कचेरीत कारकून होते. आमचं आडनाव असं होतं की ऐकणाऱ्याला चटकन काही कळत नसे, आणि अण्णा कुणाला कळवायलाही जात नसत. आतल्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. बाहेरच्या खोलीत नुसतं कॅलेंडर. मला लहानपणी वाटायचं, आतली खोली पूजेची म्हणून तसबीर आत आहे. पुढे समजलं की बाहेरच्या खोलीत पाहुणे यायचे म्हणून ती आत होती.

आई वेगळी होती. ती लपवत नसे, ती पाहत बसे. शेजारची कुणी बाई हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला दारात आली की आई तिला बसवून आधी पाण्याचा पेला पुढे करायची, आणि मग बोलता बोलता तिची नजर त्या पेल्यावर असायची. बाई पाणी प्यायली की आईचा आवाज मोकळा व्हायचा. पेला तसाच राहिला की आई तो मोरीत ओतून यायची आणि नंतर त्या बाईशी जन्मभर तोंडदेखलं बोलायची. तिच्या लहानपणी निफाडकडच्या गावात तिला पाणी वरून ओंजळीत घालत. त्यावर ती कधी बोलली नाही, पण आमच्या घरातले ते पेले इतके लखलखीत का घासलेले असत, हे मला आता कळतं.

आमच्या घरात हसत, मोठ्याने बोलत येणारा माणूस एकच, माझा मामा. भास्करमामा आईपेक्षा दहा वर्षांनी लहान. देवळाली कॅम्पातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या एका मेसमध्ये तो स्वयंपाकी होता. पांढरा शुभ्र शर्ट, खांद्यावर नॅपकिन, आणि काहीही शिवण्याआधी कोपरापर्यंत हात धुण्याची सवय. आमच्या पाट्यावरच्या वाटणाला तो नाक मुरडत नसे, उलट भाकरीबरोबर आईच्या हातचा ठेचा मागून खायचा. पण मला घेऊन बसला की साहेब लोकांच्या पदार्थांच्या गोष्टी सांगायचा. अंडं कसं पाण्यात सोडून शिजवतात, बटाट्याचा कसा लगदा करतात, पावात घालून खायचा गोल कटलेट कसा करतात. त्या कटलेटला तो हॅमबर्गर म्हणायचा. हे सगळं तो ज्याच्याकडून शिकला तो म्हातारा खानसामाही हॅमबर्गरच म्हणायचा.

मी अकरावीत असताना माझ्या दोन मैत्रिणी होत्या. वीणा गावातली, वडिलांचं औषधांचं दुकान. घरी अंडंसुद्धा येत नसे, पण वीणा बाहेर आम्लेट-पाव खायची आणि वर बडीशेप चघळत घरी जायची. मंगल निफाड तालुक्यातली. गावी त्यांचा द्राक्षांचा बाग होता, पण शिकण्यासाठी ती इथे काका-काकूंकडे राहत होती. काका शाळेत इंग्रजी शिकवायचे. मंगल आमच्यासारखं बोलण्याचा प्रयत्न करायची आणि रागावली किंवा घाबरली की गावच्या बोलीवर यायची.

एक दिवस वीणानं अमेरिकेतल्या मावसभावाचा फोटो आणला. तो दोन्ही हातांत काहीतरी जाडजूड गोल धरून तोंड वासून बसला होता. हे काय खातोय म्हणून वर्गात पाचसहा जणी वाकून बघत होत्या. मी म्हटलं, हॅमबर्गर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा मामा करतो, मलाही येतो, असं मी पुढे म्हणाले. येत नव्हता. पण त्या वेळी माझ्याकडे अशी एक गोष्ट होती जी वीणाकडे नव्हती, आणि असं त्याआधी कधी झालं नव्हतं. वीणा लगेच म्हणाली, मग आम्हाला खायला घाल. मंगल नुसती हसली.

आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, कोण मुली, कुठल्या, आपण कोण ते त्यांना माहीत आहे का. मी म्हटलं, माहीत असेल. "असेल म्हणजे काय?" आई म्हणाली. "आपल्याकडे मटण खाणार आहेत त्या. आधी माहीत करून दे, मग बोलाव." मी तसं केलं. कॉलेजच्या मागे लिंबाखाली बसून, मान खाली घालून, आम्ही बौद्ध आहोत म्हणून सांगितलं. वीणा म्हणाली, अगं मग काय झालं. मंगल म्हणाली, मला ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं, हे मी विचारलं नाही. पण पुढचे चार दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं.

गुरुवारी कसलीशी सुट्टी होती आणि मामाचीही सुट्टी होती, म्हणून गुरुवार ठरला. तो सकाळच्याच बसनं आला. एका हातात बेकरीच्या गोल पावांची पिशवी, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा. डब्यात खिमा होता, बारीक, गुलाबी, एकसारखा. मी त्याला म्हटलं, मामा, तू नुसतं सांग, करीन मी. तो स्टुलावर बसला आणि खरोखरच कशाला हात लावला नाही. त्यानं सांगितलं तसा मी खिमा फडक्यात दाबून पाणी काढलं. शिळा पाव दुधात भिजवून पिळून त्यात घातला, एक अंडं फोडलं, मीठ आणि भरड मिरी. आलं-लसूण घालू का विचारलं तर म्हणाला, साहेबाला चालत नाही. थोड्या वेळानं म्हणाला, पण इथे साहेब कोण आहे, घाल एखादी हिरवी मिरची. तळहाताएवढे गोळे थापायचे आणि प्रत्येकाच्या मध्ये अंगठ्यानं खळगा करायचा, नाहीतर तव्यावर फुगून चेंडू होतो. स्टोव्हला पंप मारला, तवा तापला, डालडा वितळला आणि पहिला गोळा टाकल्यावर जो आवाज आला त्यानं आई मागच्या दारातून आत आली. दाबायचं नाही, मामा म्हणत होता, रस आत राहू दे. पाव मधून कापून त्याच तव्यावर उलटे भाजायचे. कोबीची पानं थंड पाण्यात घातली होती, कांद्याच्या चकत्या मिठात. अंड्याचा पिवळा बलक, तेल, मोहरीची पूड आणि व्हिनेगर घोटून घोटून पांढरट चटणी केली. माझा हात दुखून आला तरी मामा म्हणे, अजून. आता माझी नात फोनवरून बर्गर मागवते आणि तो दहा मिनिटांत दारात येतो. मीही खाते. चांगला असतो, पण खळगा कुणी करत असेल असं वाटत नाही.

मामाची सुट्टी दुपारपर्यंतच होती, मेसमध्ये संध्याकाळच्या जेवणाची तयारी होती, म्हणून मुली यायच्या आतच तो निघून गेला. जाताना आईला म्हणाला, आक्का, आज तरी खिडकी उघडी ठेव. आईनं ठेवली.

मुली आल्या. आईनं आधी पाणी आणलं. मीही, लाज वाटत असताना, पेल्यांकडे पाहत होते. वीणानं पेला एका दमात संपवला. मंगलनं दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला. आईचा चेहरा सैल झाला. मग मी ताटल्या आणल्या. वीणानं दोन्ही हातांनी धरून, फोटोतल्या मावसभावासारखं तोंड वासून घास घेतला. चटणी हनुवटीवरून ओघळली आणि आम्ही हसलो. तिनं दुसराही मागितला. मंगल म्हणाली, मी सावकाश खाते. दुसरा करायला मी आत गेले, बाहेर आले तेव्हा मंगलची ताटली रिकामी होती. कसा होता विचारलं तर म्हणाली, लय भारी. घाईघाईत गावच्या बोलीत म्हणाली, म्हणून मला ते खरं वाटलं.

त्या गेल्यावर आई ताटल्या गोळा करत म्हणाली, "त्या निफाडच्या पोरीनं खाल्लं नाही. रुमालात बांधून पिशवीत टाकलं. मी दारातून पाहिलं." मी म्हटलं, तुला भास झाला असेल. आईनं मंगलची ताटली माझ्यासमोर धरली. वीणाच्या ताटलीत चुरा होता, चटणीचे डाग होते. मंगलची ताटली धुतल्यासारखी कोरडी होती. "पाणी प्यायली, एवढं पुरे समज," आई म्हणाली. "गटारात टाकलं असेल कुठे तरी कोपऱ्यावर." दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर जाताना मी गटारात बघत बघत गेले. काही दिसलं नाही. दिसलं नाही, यानंही माझं समाधान झालं नाही.

शनिवारी कॉलेजातल्या मुलींच्या खोलीत मी शिरले आणि बोलणं थांबलं. बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं तिचा डबा उचलून मांडीवर घेतला. एवढंच.  वीणा त्या दिवशी आली नाही, सोमवारीही नाही. मंगल वर्गात होती पण माझ्याकडे पाहत नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं की ती वहीत काहीतरी खरडायची. मला वाटलं, झालं, हिनंच केलं हे. खाल्लं नाही ते नाही, वर गावभर सांगत सुटली. तिची अर्थशास्त्राची वही माझ्याकडे होती. ती मी दुसऱ्या मुलीच्या हाती, एक शब्दही न बोलता परत पाठवली.

मंगळवारी वीणा आली. मला लिंबाखाली घेऊन गेली. तिच्या आईला कळलं होतं. आईनं तिला डोक्यावरून अंघोळ करायला लावली होती आणि दोन दिवस कॉलेज बंद केलं होतं. वीणाचे डोळे सुजलेले होते, पण ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. म्हणाली, हॅम म्हणजे डुक्कर, डिक्शनरीत आहे. कुणी म्हणतं डुकराचं होतं, कुणी म्हणतं मोठ्याचं. मोठ्याचं म्हणजे गाईम्हशीचं. ते नुसतं म्हणतानाही तिनं इकडेतिकडे पाहिलं. मी म्हटलं, बोकडाचा खिमा होता, मामानं आणला होता.

"तू पाहिलास कापताना?"

 मी फक्त डबा पाहिला होता.

इथे मला थांबून एक गोष्ट लिहायची आहे, कारण ती लिहिण्यासाठीच हे प्रकरण काढलं. आईच्या माहेरी एके काळी मोठ्याचं खात. धम्म घेतला तेव्हा गावातल्या सगळ्यांनी मिळून ते सोडलं. आई त्या वेळी वयात आलेली होती आणि मामा लहान होता. आई त्याबद्दल बोलायची तेव्हा तिच्या आवाजात अभिमान असायचा, सोडण्याचा अभिमान. हे मला माहीत होतं. मामाच्या मेसमध्ये साहेबांसाठी काय काय येतं, हेही त्याच्याच तोंडून ऐकलेलं होतं. वीणानं विचारलं आणि या दोन गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी येऊन बसल्या. त्या गुलाबी, एकसारख्या खिम्याचा रंग मी आठवू लागले. फार गुलाबी होता का? आमच्या दुकानातला असतो त्यापेक्षा बारीक होता का? बसमध्ये, जेवताना, अभ्यासाला बसल्यावर, सारखं तेच. आईला विचारण्याची हिंमत झाली नाही.

रविवारी मामा आला. पेरू आणले होते. आई मोरीत होती, अण्णा बाहेर पेपर वाचत होते. मामा विळीवर कांदा चिरत होता आणि हॅमबर्गर आवडले का मुलींना, असं विचारत होता. मी म्हटलं, "मामा, ते मोठ्याचं तर नव्हतं ना?"

त्याचा हात थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, जरा डोळे बारीक करून, लांबचं काही वाचायचं असावं तसं. मग उरलेला कांदा पूर्ण चिरला, विळी धुऊन पुसून आडवी ठेवली, कोपरापर्यंत हात धुतले. नॅपकिन घडी करून खांद्यावर टाकला आणि आक्का, आज लवकर जायचंय म्हणून, न जेवता निघाला. आई दारापर्यंत गेली. परत आली तेव्हा तिनं मला काय झालं विचारलं आणि मी सांगितलं. आई मला मारेल असं वाटलं. तिनं मारलं नाही. पाट्याशी बसली आणि वाटण संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही. वाटण झाल्यावर म्हणाली, "बाहेरच्यांनी विचारायचं ते तू घरात आणलंस."

त्यानंतर तीन रविवार मामा आला नाही.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी दार वाजलं. दारात मंगल उभी होती, एकटी. मला म्हणाली, तुझ्याशी नाही, मावशींशी बोलायचंय. आईनं तिला बसवलं. पाणी दिलं नाही. मंगल खाली बघून बोलत राहिली आणि बोलता बोलता तिची सगळी शहरी भाषा गळून गेली. गुरुवारी तिचा उपास होता. गावी आजीनं लावून दिलेला, बारावी होईपर्यंतचा. आमच्याकडे आल्यावर तिला ते सांगता येईना. म्हणून रुमालात बांधून नेलं, शुक्रवारी सकाळी खाईन म्हणून जाळीच्या कपाटात ठेवलं. काकूला सापडलं. काय हे विचारलं तर तिनं पदार्थाचं नाव सांगितलं. काकांनी डिक्शनरी काढली. काकूनं ते परसात नेऊन कुत्र्याला टाकलं आणि त्याच दुपारी वीणाच्या आईला जाऊन सांगितलं, दोघी एकाच भजनी मंडळात होत्या. मंगलला दम दिला की पुन्हा त्या घरात गेलीस किंवा तोंड उघडलंस तर गावी पाठवून देऊ, शिक्षण बंद. म्हणून ती गप्प होती. महिनाभर मला पाहत होती आणि गप्प होती.

आई म्हणाली, "उपास होता तर सांगायचं होतंस की."

मंगलनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "सांगितलं असतं, मावशी, तर तुम्हाला खरं वाटलं असतं?"

 स्टोव्हवर भात शिजत होता, त्याचं झाकण खडखडत होतं. "नाही," आई म्हणाली. मग उठली, मंगलला आत स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मंगल मांडी घालून बसली आणि सगळं संपेपर्यंत खाल्लं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सुकटीच्या तिखटानं येतं असं आम्ही तिघी धरून चाललो. आता काकू काय करील, मी विचारलं. मंगल म्हणाली, काय करायचं ते करू दे, परीक्षा तोंडावर आहे, फी भरलेली आहे, आता नाय पाठवत. आणि खरोखरच नाही पाठवलं. काकूनं तिच्याशी बोलणं टाकलं, तेवढं ती सोसत राहिली.

वीणा माझ्याशी पुन्हा बोलू लागली, पण कॉलेजच्या आवारात. आमच्या घरी ती परत कधी आली नाही. मीही बोलावलं नाही. मंगल अजून फोन करते. गावी सून आणि नातवंडांत असते. गुरुवारचा उपास मात्र बारावीनंतर सुटला तो सुटला, असं सांगून हसते.

मंगल येऊन गेली त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी आणि आई देवळालीला गेलो. मेसच्या मागे चाकरांच्या खोल्यांची एक ओळ होती, पुढे करंजाची झाडं. मामा ओट्यावर बसून काटेचमचे पुसत होता. आम्हाला पाहून उठला, आईसाठी खुर्ची आणली, चहा टाकला, बशीत बिस्किटं काढली, जणू काही झालंच नव्हतं. मी वाटभर जे जुळवलं होतं ते सगळं विसरले. चुकलं माझं, एवढंच म्हटलं. मामा काटा उजेडात धरून पाहत राहिला.

"त्या मुलींना मी माहीत नव्हतो," तो म्हणाला. "त्यांनी विचारलं तर ठीक आहे. तुला माहीत होतो."

मग चहा गाळला आणि आईला गावाकडच्या जमिनीचं काही विचारू लागला. निघताना त्यानं मला बिस्किटांचा पुडा दिला आणि उद्या येतो म्हणाला.

तो आला. उंबऱ्यात उभा राहिला, चपला काढण्याआधी हातातली पिशवी किंचित वर केली आणि म्हणाला, "बोकडाचं. कॅम्पातल्या बाजारातलं. माझ्यासमोर कापलं." आणि मग आत आला. मला वाटलं, टोमणा मारतोय, एकदा मारेल आणि सोडेल. त्यानं सोडलं नाही. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेला तेच. माझं लग्न झालं, मी सिडकोत राहायला गेले, तिथेही दारात उभा राहून तो आधी सांगायचा आणि मग चपला काढायचा. कोंबडी असली तरी सांगायचा, मासे असले तरी सांगायचा. आवाजात राग नसे, थट्टाही नसे. मी कितीदा तरी त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. त्यात काय आहे ते मला कधी कळलं नाही.

तो निवृत्त झाल्यावर, हात थरथरायला लागल्यावर, एकदा मी दारातच त्याचा हात धरला. म्हटलं, मामा, पुरे झालं आता, मी कधी विचारते का?

"विचारत नाहीस," तो म्हणाला. "पण मनात येऊन जातं तुझ्या."

मी नाही म्हटलं. त्यानं मान हलवली, पिशवी माझ्या हातात दिली आणि चपला काढून आत गेला. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं. इतकी वर्षं, तो दारात दिसला आणि त्यानं तोंड उघडलं यांच्या मधल्या त्या एका क्षणात, प्रत्येक वेळी ते माझ्या मनात येऊन गेलेलं होतं.